विलायती खाचराचे मुकादम

जगात सगळीकडे माणसं आत येताना पाय धुतात. आमचे मुकादम बाहेर जाताना धुवायला लावत. लोधिवलीच्या बाजूला तेव्हा सरकारचा एक छोटा भाताचा फार्म होता. त्याच्या अगदी टोकाला, बाकीच्या खाचरांपासून लांब, तारेच्या कुंपणात एक खाचर होतं. परदेशातून आलेलं भाताचं बियाणं मुंबई बंदरावर तपासून, त्याला धुरी देऊन झाली की त्यातलं थोडं आमच्याकडे यायचं आणि या कुंपणात दोन हंगाम एकटं वाढायचं. दोन हंगामांत त्याच्यावर कुठली कीड, कुठला रोग दिसला नाही, तरच ते शेतकऱ्यांना द्यायचं, असा नियम. गडीमाणसं त्याला विलायती खाचर म्हणत. त्याच्या फाटकापाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं आणि घमेल्यामागे मुकादम. पाय बुडवल्याशिवाय मजूर सुटत नसे, मी सुटत नसे. जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी एकदा बूट काढायला लावले. साहेबांच्या मोज्याला भोक होतं. ते बघून मुकादमांनी नजर डोंगराकडे वळवली, पण घमेलं काही हलवलं नाही.

मी पंचविशीतला, नुकताच लागलेला कृषी सहायक. हुद्द्याने त्यांच्या वर आणि अकलेने बराच खाली. मुकादम चाळिशीच्या पुढचे, खालापूर तालुक्यातल्याच एका गावचे. सातवीपर्यंत शिकलेले, छप्पन साली सगळ्या वाडीबरोबर बौद्ध झालेले. अंगाने किडकिडीत, खाली खाकी हाफपँट आणि वर कायम पांढराशुभ्र सदरा. चिखलातल्या माणसाने पांढरं कशाला घालावं, असं मी एकदा गमतीने बोललो. "डाग दिसाय पायजे ना, सायेब," ते म्हणाले. "दिसला तर धुता येतो."

खाचरातल्या भाताला ते 'पाव्हना' म्हणत. तायवानचा पाव्हना, फिलिपाइन्सचा पाव्हना. ही ठेंगणी, भरगच्च लोंब्यांची जात बघून आमच्या सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटे. आपल्या उंच भातासारखी ती वाऱ्यात लोळत नव्हती. फार्मवर आलेले शेतकरी कुंपणाबाहेरून हात जोडत, "मूठभर द्या वो मुकादम." मुकादम त्यांना समजावत. "पाव्हना चांगला दिसतो म्हनून लगीच माजघरात नेतो का आपन? वोटीवर बसवायचा, पानी द्यायचं, गाव-नाव इचारायचं. मग आत." शेतकरी हसत आणि रिकाम्या हाताने जात.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. लावणीला येणाऱ्या बायका त्या खाचराला 'विटाळाचं खाचर' म्हणायच्या. त्यात वाईट हेतू नव्हता. लांब ठेवलेलं, शिवायचं नाही, आलं की धुवायचं, तर दुसरं काय म्हणणार? पण तो शब्द ऐकला की मुकादमांचा आवाज चढे. एकदा एक बाई उलटून म्हणाली, "आमाला नाय का बाजूला बसवत? आमी काय वरडतो का?" मुकादम हातातली रोपांची जुडी बांधावर ठेवून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुजा विटाळ चार दिसांचा गं. माज्या बापाचा जलमाचा होता. ह्या भाताला कोनी जात इचारून बाजूला नाय बसवलं. रोग हाय का, ते बघाय बसवलंय. आनि सुटायची तारीख हाय त्याला. मुदत हाय." बायका खाली वाकून लावणी करू लागल्या. मीही वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे काचेचा एक ग्लास. भाताला कडा करपा नावाचा एक रोग होतो. पान टोकापासून कडेकडेने पिवळं पडतं, मग वाळतं. पण पान उन्हानेही पिवळं पडतं, खत कमी पडलं तरी पडतं. नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. मुकादम पानाचा तुकडा कापून त्याचं कापलेलं टोक ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवत आणि ग्लास उजेडाकडे धरत. रोग असला तर त्या टोकातून दुधासारखी बारीक पांढरी धार पाण्यात उतरते. "पान बोललं," असं ते म्हणत. तो ग्लास कुंपणाच्या आतल्या खोपटातच राहायचा. आतली वस्तू बाहेर न्यायची नाही, हा त्यांचा कायदा होता.

तो कायदा मी मोडला. पहिला हंगाम सुरळीत पार पडला होता. भात झोडून डब्यात भरला होता आणि दुसऱ्या हंगामाची वाट बघत होता. मी दिवाळीला कशेळ्याला घरी जायला निघालो तेव्हा मोजदादीच्या निमित्ताने मुकादमांकडून डब्याची किल्ली घेतली आणि त्यातलं दोन मुठी बियाणं रुमालात बांधून घेतलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काहीतरी मोठं नेऊन द्यावं असं वाटत होतं. शिकलेला, सरकारी नोकरीतला मुलगा आणि घरी कधी काय आणलं, तर पेढे. एक हंगाम गेला, रोग दिसला नाही, दुसरा काय नुसता कागदोपत्री, अशी मी स्वतःची समजूत घातली. फाटकाबाहेर पडताना पाय मात्र नेहमीप्रमाणे बुडवले.

पुढच्या श्रावणात विलायती खाचरातलं एक पान बोललं. मुकादमांनी ग्लास माझ्यापुढे धरला. ती पांढरी धार बघून मी तोंड फिरवलं. मुकादमांना वाटलं, साहेबांना सरकारी बियाण्याचं वाईट वाटतंय. दोन दिवस मी तडफडत काढले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते खोपटाच्या दारात खाली बसले. "किती जागंवर लावलंय?" एवढंच त्यांनी विचारलं. एका खाचरात, मी म्हणालो. "आनि त्याच्या खाली कोनाची खाचरं हायत?"

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने कशेळ्याला गेलो. आबांचं ते खाचर लांबूनच पिवळसर दिसत होतं. मुकादमांनी चार पानं कापून आणली आणि अंगणात उभं राहून पाणी मागितलं. आई गोठ्याकडे गेली आणि तिथल्या कुडात खोचलेला, कान तुटलेला कप घेऊन आली. तो कप कुणासाठी असतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मुकादमांनाही माहीत असणारच. त्यांनी तो हातात घेतला, आत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ह्यात नाय दिसनार, काकी. काचेचा लागंल. आरपार दिसाय पायजे."

आई जागची हलेना. शेवटी मीच आत जाऊन फडताळातला ग्लास आणला. मुकादमांनी तो उन्हात धरला. आबा, आई आणि मी तिघंही वाकून बघत होतो. चारही पानांतून पांढरी धार उतरली. "उपटाय लागंल," मुकादम म्हणाले. आबा चिडले. "सोन्यासारखं भात हाय, आनि तू कोन रं मला सांगनार?" मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. मुकादमांनी ग्लास जोत्यावर ठेवला. "काकी, हा गिलास उकळत्या पान्यानं धुवा. मी धरला म्हनून नाय. त्यात रोग पडलाय म्हनून." आईने तो धुतला नाही. संध्याकाळी उकिरड्यावर फेकून दिला. का, ते मी तिला विचारलं नाही.

ते खाचर मुकादमांनी आणि मी मिळून उपटलं. आबा बांधावर बसून राहिले. ओलं भात जळेना. पेंढा घातला, रॉकेल ओतलं, तरी धूरच फार. आजूबाजूच्या बांधांवर माणसं जमली. सरकारचा कोण माणूस आलाय आणि उभं पीक जाळतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. खालच्या खाचराचे मालक गोविंदतात्या ओरडून विचारत होते, काय झालं रं. आबांनी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही.

परत येताना कर्जतच्या स्टँडवर मुकादम म्हणाले, "सायेब, तुमचं खाचर झालं. पर पानी खाली गेलंय, आनि पान्यासंगं रोगबी. वरनं मानसं येऊन सगळी खाचरं तपासाय पायजेत, लोकांना सांगाय पायजे. त्याच्यासाठी तुमाला वर कळवावं लागंल."

"नोकरी जाईल माझी, मुकादम."

"जाईल," ते म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "आठ दिस थांबतो. आठ दिसांची मुदत. न्हाई सांगितलंत तर मी सांगंन."

त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी फार्मच्या सुपरिंटेंडंट साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत येत होतो. नवव्या दिवशी मुकादम आत गेले. नंतर मला बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, हे म्हणतात ते खरं का. मुकादम माझ्या शेजारी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही, सर."

बाकीचं आपोआप झालं. डब्याची किल्ली मुकादमांकडे. कशेळ्याला जाऊन पीक जाळताना त्यांना पन्नास जणांनी पाहिलेलं. बियाणं त्यांनीच बाहेर विकलं आणि अंगाशी आल्यावर पुरावा जाळला, असं ठरलं. खाचर माझ्या वडिलांचं होतं, जाळताना मीही तिथेच होतो, तरी माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही, कारण माझ्याबद्दल कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. महिनाभरात त्यांना काढून टाकलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "खालची खाचरं अजून कोनी बघितली नाय, सायेब. तेवढी तरी बघा." मी ती बघितली नाही. त्या वर्षी गोविंदतात्यांचं आणि त्यांच्याही खालच्या दोघांचं भात करपलं.

मुकादम खोपोलीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. मी नोकरीत टिकलो, बढत्या घेतल्या, परदेशी बियाण्याच्या तपासणीवर व्याख्यानंसुद्धा दिली. पाय धुवायचं घमेलं, काचेचा ग्लास, मुदत, सगळं त्यांच्याकडून शिकलेलं. नाव मात्र त्यांचं कधी घेतलं नाही. भेटायचं धाडस व्हायला बारा-तेरा वर्षं लागली. खालापूरला त्यांच्या घरी गेलो. केस पिकले होते, सदरा तसाच होता. चहा दिला, मुलांची चौकशी केली. मी कसंबसं म्हणालो, "मुकादम, ते बियाणं मी नेलं होतं. मी खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. "मला काय सांगताय? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं नाय, त्यांना सांगा."

मी हिशेब करत परत आलो. साहेब निवर्तले होते. फार्म बंद पडला होता. आबाही गेले होते. उरलं होतं कशेळं. तिथे ही गोष्ट अजून सांगितली जात होती, मी अनेकदा ऐकली होती आणि ऐकून गप्प बसलो होतो: खालापूरकडचा एक मुकादम आला, त्याने भाताला हात लावला, आणि त्या वर्षी खालची सगळी खाचरं करपली. हात लावला, हेच शब्द.

त्या महिन्यातच मी गेलो. बाजारात चहाच्या टपरीवर गोविंदतात्या आणि चार-पाच जण बसले होते. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की रोग मुकादमांनी आणला नव्हता, मी आणला होता, चोरून, रुमालात बांधून. त्यांनी तर तो थांबवायचा प्रयत्न केला होता आणि त्यांची नोकरी माझ्या खोटेपणाने गेली. मग गोविंदतात्या हळूच हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोठ्या मनाचा हायस रं. गेलेल्या गोष्टीसाठी त्या मानसावर पांघरून घालतूस. पर आमी काय तुला वळखत नाय का? तू आमच्यातला हायस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं. एकाने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

मुकादम पुढच्याच पावसाळ्यात वारले. त्याआधी खालापूरला जाऊन त्यांना हे कळवणं मला जमलं नाही. काय कळवणार होतो? की मी खरं बोललो, आणि गावात माझीच इज्जत वाढली?