साखर किती घालू?

माझा दादा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. म्हणजे विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं. चौदा वर्षं त्याने हेच केलं. आपला आवाज पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नाही, याचा त्याला कोण अभिमान! घरातही तो तसाच बोलायचा. "मीठ दे" म्हणाला तरी मला दोनदा "काय?" विचारावं लागे.

कंपनीचं एक हलकंफुलकं नाटक तुफान चालायचं. श्रीमंत घरची मुलगी मोलकरीण बनून घरी आलेल्या तरुणाची परीक्षा घेते आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. त्या मुलीचं काम कंपनीतली तरुण नटी करायची, सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. दीड पानाचं भाषण त्या एका दमात म्हणत. पण दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे घेऊन आल्या की हटकून एकाच जागी अडायच्या. वाक्य काय, तर "साखर किती घालू?" एवढंच! त्या थांबायच्या, डावीकडे विंगेत बघायच्या, दादा पुटपुटायचा, मग हसून वाक्य म्हणायच्या.

"आजही अडल्या गं," दादा मला सांगायचा. सांगताना चेहरा असा खुललेला की आंधळ्यालाही दिसावा. त्याला बाई आवडायच्या. मला ते ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. बाईंना सांगायची मात्र छाती होत नव्हती.

एके दिवशी मालक सगळ्यांदेखत बाईंवर ओरडले, "एवढंसं वाक्य लक्षात राहत नाही?" दादाच्या जिवाला ते लागलं. त्याने काय करावं? ते वाक्य सुबक अक्षरात चिठ्ठीवर लिहून ट्रेमध्ये किटलीच्या मागे चिकटवलं आणि बाईंना म्हणाला, "आता माझ्याकडे बघायला नको." बाई जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्या कधी अडल्या नाहीत. डावीकडेही कधी पाहिलं नाही. दादा खूश! खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काही उमगलं नाही.

चार महिन्यांत बाई दुसऱ्या शहरात एका सिनेमा कंपनीत गेल्या. त्यांच्याबरोबर तो ट्रेही गेला. सामान सांभाळणारा महिनाभर सगळ्यांच्या नावाने खडे फोडत होता.

वर्षाने त्याच नाटकावरचा मूकपट आमच्याकडे लागला. पडद्यावर नुसते ओठ हलायचे, मध्येच वाक्यांच्या पाट्या यायच्या आणि पडद्याखाली बसून एक जण पेटी वाजवायचा. दुपारच्या खेळाला मी दादाबरोबर गेले.

चहाचा प्रसंग आला. ट्रे तोच, कोपऱ्यातला पोचा मीसुद्धा ओळखला. नायक उजवीकडे बसलेला. आता विसरायला वाक्यच नव्हतं, पाटीवर सगळं येणारच होतं. तरी बाई थांबल्या आणि त्यांनी डावीकडे पाहिलं. चांगले तीन-चार श्वास पाहिलं. लोक हसले. त्यांना वाटलं, मुलगी आपला बाप येतोय का ते बघतेय.

"साखर किती घालू?" शेजारून आवाज आला. चांगला खणखणीत.

पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "दोन चमचे! आता गप्प बसा की हो!"

अख्खं थिएटर हसलं. दादाचा आवाज प्रेक्षकांनी ऐकला तो हा असा. मीही हसले असते, पण त्याने माझा हात घट्ट धरला होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ती विसरत नव्हती गं." इतक्या वर्षांत तो त्यांना पहिल्यांदाच 'ती' म्हणाला.

"नव्हतीच! आणि तू चिठ्ठी चिकटवलीस, शहाण्या!" मी भर रस्त्यात त्याला झापलं. "आता तरी पत्र लिही. कंपनीचा पत्ता जाहिरातीवर आहे."

घरी आल्या आल्या मी कागद आणि दौत पुढे ठेवली. त्याने मायना लिहिला आणि टाक हातात धरून बसला. चौदा वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, पण स्वतःचं एक उतरेना.

"मी सांगू का काय लिहायचं?"

"नको. पाठ आहे मला."

पाठ असणारच, इतकी वर्षं मनात घोकलेलं. आठवडाभर तो रोज दुपारी खेळाला जाई आणि संध्याकाळी तो कागद घेऊन बसे. मग सिनेमा बदलला आणि कागद ट्रंकेत गेला. मी त्याला घाबरट म्हटलं, बुळा म्हटलं, चार लोकांतही म्हटलं. तो नुसता हसायचा. लग्न केलं नाहीच.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. परवा ट्रंक आवरताना तो कागद सापडला. वर मायना, खाली सगळं कोरं. कागद हातात घेऊन मी जमिनीवर बसले आणि खूप रडले. तो कागद तसाच पाकिटात घालून पाठवला असता, तरी त्याचं अडणं तिला कळलं असतं. त्याला तेव्हा एवढं सांगायला मला सुचलं नाही.