सायकलपटूची रिकामी वर्षं
खोडरबराचा वास आला की मला मंदीच्या वर्षातली अबुधाबीची एक दुपार आठवते. नोकरी गेल्यापासून तुमचा बाबा तुमच्या आईच्या व्हिसावर घरीच होता. तुमच्यातल्या थोरलीने शाळेसाठी एका जुन्या बेल्जियन सायकलपटूवर निबंध लिहिला होता. महायुद्धात शर्यती बंद पडल्या आणि तो चार वर्षं घरी बसला, ही ओळ मी पुसली. “जिंकलेलं तेवढंच लिहावं, बाळा.” “बट आजी, इट्स ट्रू!” शेजारी बायोडेटा लिहीत बसलेला बाबा म्हणाला, “राहू दे ना, आई. घरी बसला म्हणून तो सायकलपटू नव्हता का?” मी ती ओळ तिला पुन्हा लिहायला लावली. तरी संध्याकाळी पुण्याहून तुमच्या आत्याचा फोन आला, तेव्हा त्याच्यादेखत मी म्हणाले, “तो अजून ऑफिसातून यायचाय.” तो उठून बाल्कनीत गेला. हे तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली.