मामाजींचा पैलवान

मी लग्न होऊन देऊळघाटला आले तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि मी, एवढीच माणसं. मामाजी तरुणपणी नावाजलेले पैलवान होते. म्हातारपणीही त्यांचा आवाज मळ्यापर्यंत जाई. अशा माणसाच्या उजव्या अंगावरून एका सकाळी वारं गेलं. हातपाय लुळे पडले, जीभ जड झाली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधापेक्षा आता माणूस पाहिजे. उचलायला, कूस बदलायला, अंग चोळायला.

माणूस आणायचा कुठून? हे दिवसभर शेतात. मी घरात होते, पण मी पडले सून. मामाजींसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. मी हात पुढे केला की ते भिंतीकडे तोंड फिरवत. त्यांना लाज वाटे, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

पहिला माणूस बुलढाण्याहून आणला. दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, स्वच्छ, कामाला चोख. पण मामाजींच्या उशाशी उभा राहून तो मला सांगे, "बाई, म्हाताऱ्यानं आज पेज टाकली." जणू म्हातारा तिथे नव्हताच. मामाजींची जीभ अडत होती, कान शाबूत होते. एक दिवस त्यांनी डाव्या हातानं पेजेची वाटी उडवली. तो माणूस निघून गेला.

मग नात्यातला एक भाचा आला. फार मायाळू. पण मामाजींना उचलता उचलता दोघंही खाटेखाली आले. लागलं कोणालाच नाही, पण भाचाच रडायला लागला, आणि मामाजी पडल्या पडल्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

शेवटी भावकी जमली. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. एक म्हणाले, "नागपूरले न्या. प्रांताची राजधानी हाय, मोठे दवाखाने हायेत." दुसरे म्हणाले, सेवेला एखादी गरजू बाई ठेवा. मी दाराआड उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजीलेच विचारा ना कोणी."

वडीलधाऱ्यांसमोर मी पहिल्यांदाच बोलले होते. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. यांनी खाटेजवळ बसून विचारलं, "बाबा, तुमाले कोण पाह्यजे?"

मामाजींनी बराच वेळ धडपड करून एक नाव घेतलं. तिसऱ्यांदा यांना कळलं. देऊळगाव राजाचा एक पैलवान. बालाजीच्या जत्रेत दोघं एकमेकांशी लढले होते, आणि कुस्ती कोणी मारली यावरून पुढे बोलणंच तुटलं होतं.

"तो? तो तं तुमचा वैरी!" हे म्हणाले.

"हाव," मामाजी म्हणाले. "त्याले माह्यं वजन माईत हाय."

हे मोटारीनं देऊळगाव राजाला गेले. येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे परतले तेव्हा मागे एक उंच, वाकलेला म्हातारा होता. कुस्त्यांनी कान मुरगळलेले, हातात तिळाच्या तेलाची बाटली. तो खाटेशी येऊन उभा राहिला.

"काऊन रे, शेवटी चित झाला ना?"

मामाजींचा अर्धा चेहरा हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"उचलू?" पैलवानानं विचारलं. आजवर कोणी विचारून उचललं नव्हतं. मामाजींनी मान हलवली. पैलवानानं बगलेत हात घातले आणि लेकराला बसवावं तसं त्यांना अलगद बसवलं.

ते दिवस आमच्या घराचे फार चांगले गेले. सकाळी ओसरीवर ऊन यायचं, कोमट तेलाचा वास घरभर पसरायचा, आणि चोळता चोळता दोघांची जुन्या कुस्तीवरून जुंपायची. पैलवान मुद्दाम खोटं सांगे. मामाजींना राग अनावर होई, शब्द अडे, ते पुन्हा जोर लावत. भांडता भांडताच त्यांची जीभ सुटली. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐके आणि पदराआड हसे.

एकदा मी पैलवानांना विचारलं, "बाबा, घरदार सोडून तुमी काऊन आले?"

"घरी लेकं हायेत, सुना हायेत, बाई," ते म्हणाले. "पण कोणी भांडत नाही. मी काही बोललो की समदे हाव हाव म्हणतात."

दिवाळीपर्यंत मामाजी काठी टेकत अंगणात फिरू लागले. पुढच्या पेरणीच्या आधी पैलवानांचा मुलगा त्यांना न्यायला आला. निघताना पैलवानांनी मामाजींचा उजवा हात हातात घेतला, बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि मोटारीत बसले.

त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र काठी घेऊन एकटेच बाहेर पडले. मी थोडं अंतर ठेवून मागे चालले. मोटार थांबायची तिथे लिंबाखाली ते बसून राहिले. देऊळगाव राजाकडची मोटार आली, माणसं उतरली, मोटार पुढे गेली. मग मामाजी उठले, धोतर झटकलं आणि सावकाश घराकडे वळले.