मला कुणी सांगितलं नाही

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून आले आणि दोन महिन्यांत सकाळचे पोहे बंद केले. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली. पुण्यात अठरा वर्षं कपड्यांच्याच धंद्यात काढलेली बाई मी, मला कोण शिकवणार!

तिथली पद्धत अशी होती. नऊला काम सुरू व्हायचं. कटिंग मास्टर लांबच्या लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवून खडूने रेघा आखायचे. साडेनऊला कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून पोहे यायचे, वर भरपूर शेव आणि जीरावन मसाला. शिवणाऱ्या पंचवीसेक बायका आपापल्या मशिनी सोडून बरोबर त्या टेबलापाशीच यायच्या. एका हातात प्लेट, दुसऱ्या हाताचं बोट कापडावर. "मास्टर, ये बत्तीस नंबर है ना?" "हां बाई, बत्तीस." "ये लाइन थोड़ी इधर ले लूं क्या?" "ले ले." असं अर्धा तास चालायचं. मग मास्टर मशीन चालवून कापायला लागायचे.

मला ते बघून तिडीक यायची. पांढऱ्या शर्टांच्या कापडावर हळदीच्या बोटांनी वाकायचं म्हणजे काय! आणि काम मास्टरांचं, त्यात या कशाला नाक खुपसतात? मी सांगून टाकलं की खाऊन यायचं ते घरून खाऊन या. साडेनऊला आता दहा मिनिटांची मीटिंग होईल, उभ्याने, भिंतीवरच्या बोर्डासमोर. काल कोणाच्या हातून काय चुकलं ते त्या बोर्डावर लाल पेनने लिहिलं जाईल, नावासकट.

बोर्डाची कल्पना माझीच होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. शेठजींनी मला दोन दिवसांच्या एका ट्रेनिंगला पाठवलं होतं, चांगला लीडर कसं व्हावं म्हणून. तिथल्या बाईंनी आम्हाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, तुमची माणसं तुमच्यापासून काय लपवतात ते यावर लिहा. मी कागद कोरा परत दिला. माझ्यापासून लपवायची कोणाची बिशाद आहे, असं वर हसून म्हणालेसुद्धा. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

मास्टर साठीला टेकलेले. मराठीच, पण पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे, तेव्हापासून घराणं इंदुरातलं. त्यांचं बोलणं अर्धं हिंदीत. "काय है की मॅडम, हे कापड जरा लूज है नं," असं म्हणायचे. मी चारचौघांत त्यांची मराठी सुधारायचे. ते हसून म्हणायचे, "आमची अशीच है मॅडम." रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि मी? मी रागीट आहे, लहानपणापासून. आमच्या घरात हे कौतुकाने सांगायचे, पोरगी तिखट आहे म्हणून. तिखट माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

पोहे बंद झाले आणि महिन्याभरात बोर्डावर मास्टरांचं नाव यायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा. मग दोनदा. तीसच्या जागी अठ्ठावीस. बाही उलटी. मी रोज लाल पेनने लिहीत गेले. तीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस अचानक का चुकायला लागला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला वाटलं, पूर्वीही चुकत असणार, पकडणारं कोणी नव्हतं. आता मी आले आहे.

मे महिन्यात सीझन अगदी डोक्यावर बसला होता. त्यात मास्टरांनी थरांची अख्खी चळत चुकीची कापली. चाळीस शर्टांचं कापड गेलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "मास्टर, रोज डोळे घरी ठेवून येता का?"

कोणी हसलं नाही. एरवी माझ्या टोमण्यांवर दोन-चार जणी तरी हसायच्या, भीतीने का होईना. त्या दिवशी सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या. मास्टर म्हणाले, "आजपासून नीट पाहतो मॅडम."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी चिडून निरोप पाठवला की सुट्टीचा अर्ज हवा. तो निरोप पोचायच्या आत काजं करणारी ताई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बायकांमध्ये ती सगळ्यात जुनी. हात पदराला पुसत म्हणाली, "मॅडमजी, मास्टर को दिखता नहीं है."

"म्हणजे?"

"दिवाली के पहले से ही धुंधला दिखता था. शुगर है उनको. हम लोग सुबह पोहे के टाइम सब लाइनें देख लेते थे. नंबर पढ़ के बोल देते थे उनको."

पोह्यांच्या प्लेटी घेऊन त्या बायका एका माणसाची नोकरी सांभाळत होत्या, आणि मी त्यांना रांगेत उभं करून बोर्ड वाचून दाखवत होते. पण त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून काय निघावं? "मग मला का नाही कुणी सांगितलं?" तेही ओरडून.

ताई म्हणाली, "प्रेसवाले भैया ने बताया था न आपको."

मला आठवेना. खरंच आठवेना! तिनेच आठवण करून दिली. मी आले त्या पहिल्याच आठवड्यात इस्त्री करणारा एक जण सांगायला आला होता की वाफेने दम लागतो, दुसरं काही काम द्या. मी म्हणाले होते, तब्येत सांभाळायची असेल तर घरी बसा. "तो वो बैठ गए घर पे," ताई म्हणाली. माझ्यासाठी ते दिवसभरातलं एक वाक्य होतं. कारखान्यात ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

मास्टरांना त्यांची मुलगी तुकोगंजला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. मी हातातलं काम टाकून तशीच गेले. बाहेरच्या बाकावर ते बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. मुलगी आत डॉक्टरांशी बोलत होती, मीही तिच्यामागे उभी राहिले. साखरेने दोन्ही डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. एक डोळा गेलाच. दुसऱ्यात उजेड आणि सावल्या, तेवढंच राहील. डॉक्टर म्हणाल्या, हिवाळ्यात आले असते तर पुष्कळ वाचवता आलं असतं. मुलीने विचारलं, हिवाळ्यात म्हणजे कधी? "जानेवारीत वगैरे." जानेवारीत मी भिंतीला खिळे ठोकून बोर्ड लावून घेतला होता.

बाहेर येऊन मी हाक मारली, "मास्टर." नुसती हाक. तो माणूस ताडकन उठला. बाकाचा कोपरा गुडघ्याला लागला तरी उभाच. शर्टाची बटणं चाचपत म्हणाला, "येतो मॅडम, आत्ता येतो, हे जरा दवाखान्यात है नं मी." मी बसा म्हटलं. बसेनात. शेवटी मुलीने खांदे धरून बसवलं. मी तिथेच, लोकांसमोर रडले. त्यांना वाटलं मी रागावले आहे. ते माफी मागायला लागले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. बोर्ड मी स्वतः काढला. पोहे पुन्हा सुरू केले, पण मी जवळ गेले की टेबलापाशी सगळ्या गप्प होतात, अजूनही. इस्त्रीवाल्याला शोधून परत बोलावलं. तो आला नाही, आणि का यावं त्याने? मी आवाज चढवत नाही आता. चढायला लागला की पाणी पिते. लोक म्हणतात मॅडम किती बदलल्या. बदलले असेन. पण माझं हे शहाणपण कोणाच्या डोळ्यांच्या मोलाने आलं, ते मला माहीत आहे.

रविवारी मी मास्टरांकडे जाते. चहा होतो, गप्पा होतात. कापडाचा तुकडा हातात दिला की बोटांनी चोळून कुठल्या जातीचं ते अचूक सांगतात. गेल्या महिन्यात धीर करून विचारलं, "मास्टर, तुम्ही एकदा तरी मला सांगायचं होतं."

"सांगणार होतो नं मॅडम," ते म्हणाले. तक्रार नव्हती, सहज सांगत होते. "रोज तुमच्या केबिनच्या काचेतून पाहायचो. म्हटलं, ज्या दिवशी मॅडमचा मूड चांगला दिसेल त्या दिवशी आत जाऊन सांगू. खूप दिवस पाहिलं."

"मग?"

"मग तुमचा चेहराच दिसेनासा झाला. मग कसं कळणार, रागात आहात का नाही?"