शनिवारचा अणू आणि मार्था

वादात कोण जिंकलं ते महिन्याभरात विसरायला होतं, किस्से मात्र साठत जातात. आमच्या नगरच्या कॉलेजातलं वादविवाद मंडळ म्हणजे सर, मी, मार्था आणि चार-दोन हौशी. मार्था नगर सोडून गेली, तरी शनिवारी चार वाजले की माझा हात चिठ्ठ्यांच्या डब्याकडे जातोच.

चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायची, हा नियम. विषय सरांचा लाडका: अणुऊर्जेवर ताबा नागरी सरकारचा हवा की लष्कराचा? मला नागरी बाजू आली, मार्थाला लष्कराची. "नागरिकांनी निर्भयपणे..." एवढं म्हणते तोच गावाबाहेरच्या लष्करी मैदानावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला. धडाम! मी थेट टेबलाखाली!

मार्था उठली. "सर, नागरी बाजू आश्रयाला गेली. माझा मुद्दा सिद्ध!"

*

हाच विषय घेऊन आम्ही राहुरीजवळच्या एका गावात गेलो. पारावरच्या मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमच्या लाईटीच्या डीपीचा ताबा कुनाचा ते आजून ठरंना, अन् तुमी अणूचं इचारता व्हय? कुनाला बी द्या, लाईट तेवढी दिवसा द्या!"

सर म्हणाले, "तिसरी बाजू. नोंदवून घ्या."

*

एकदा परीक्षक म्हणून मार्थाचे पप्पा आले. निवृत्त फौजी! माझी बाजू पुन्हा नागरी, मी मनातल्या मनात हरूनच बसले.

पप्पा म्हणाले, "पहारा फौजेकडे द्या, चाव्या नको. आमच्या घरी पहारा माझा, चाव्या हिच्या आईकडं. आजवर चोरी न्हाई!"

मार्था आठवडाभर पप्पांशी बोलली नाही.

*

मग मार्थाची सैन्यात अधिकारी म्हणून निवड झाली. सोमवारी ट्रेनिंगला निघायचं होतं. जाऊ नकोस म्हणायचं मी आठवडाभर घोकलं, आणि तिच्यासमोर चिवड्याच्या कृतीवर बोलले!

शेवटच्या शनिवारी चिठ्ठ्या उलट्या निघाल्या. लष्कर मला, नागरी बाजू तिला. शेवटी एकमेकींना एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर टाळलं की हार.

मी विचारलं, "लष्करात गेलेल्या माणसाला घरी यायला सुट्टी किती मिळते?"

सरांनी पेल्यावर चमचा वाजवला. "विषयाला धरून!"

"धरूनच आहे, सर," मार्था म्हणाली, आणि हातातल्या चिठ्ठीची घडी घालू लागली. तिनं उत्तर टाळलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच!

तेवढ्यात रणगाडा गरजला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

मी जागची हलले नाही. दचकली ती मार्था!