डावीकडची माशी

सौंसरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने निरोप आणला, तेव्हा मी पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत सहावीचा तास घेत होते. तो दारातच थांबला. म्हणाला, "तुमच्या कुसुम बहनजी गेल्या. आज सकाळीच." मी खडू खाली ठेवला, मुलींना पुढचा धडा मनात वाचायला सांगितला आणि... त्यानंतर तासात काय झालं ते मला आठवत नाही. तिला कावीळ झाल्याचं कळलं होतं. येत्या रविवारी जाऊन येऊ, असं म्हणत मी दोन रविवार घालवले. पांढुर्णा ते सौंसर म्हणजे काही काशी नव्हे. ही चूक माझी आहे आणि ती माझ्याजवळच राहील.

पण मी लिहायला बसले ते दुःखामुळे नाही, रागामुळे. तेरावं झाल्यावर सौंसरच्या तिच्या शाळेत शोकसभा झाली. टेबलावर हार घातलेला मोठा फोटो होता. तो पाहून मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो. कुसुमचा उजवा डोळा जन्मापासून तिरळा, पार नाकाकडे वळलेला, आणि त्याने तिला जवळजवळ दिसतच नसे. फोटोत मात्र दोन्ही डोळे सरळ समोर बघत होते. तिच्या भावाचा मुलगा प्रकाश शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "स्टुडिओवाल्यानं ब्रशनं नीट करून देल्ला, मावशी. चांगला दिसते ना?" मग भाषणं झाली. जो उठला त्याने तिला सोशिक म्हटलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असंही म्हटलं. सोशिक, आणि कुसुम? त्या सभेत मी गप्प बसले, म्हणून आता बोलते आहे.

आम्ही दोघी सौंसरच्या त्या मुलींच्या शाळेत एकाच वर्षी लागलो. मी मराठी शिकवायची, ती शिवण आणि खेळ. गळ्यात शिवणाची टेप आणि त्याच गळ्यात पी.टी.ची शिट्टी, असा तिचा अवतार. गाव तिचं रामाकोना, घरची संत्र्याची बाग. लग्नाच्या वयात तिला पाहायला एक मंडळी आली होती. मुलाच्या मामाने तिच्या वडिलांना सुचवलं, की चहा देताना पोरीला नजर खाली ठेवायला सांगा, म्हणजे आमच्या घरच्या बायकांना लगेच कळणार नाही. कुसुमने ते आतून ऐकलं. ती ट्रे घेऊन बाहेर आली आणि एकेका माणसाच्या तोंडाकडे टक लावून पाहत तिने कप दिले. त्यानंतर ती पुन्हा कधी कुणाला दाखवायला बसली नाही. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना तिच्या हातातली कात्री थांबली होती.

दिल्लीत एशियाड झालं त्या हिवाळ्यात गावोगाव खेळांचं वारं शिरलं. आमच्या शाळेतही एक छर्र्याची बंदूक आली. नागपूरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त. लाकडाला पॉलिश नाही, नळीच्या टोकावर नेम धरायची एक बारकी माशी आणि मागे खाच पाडलेला पत्र्याचा तुकडा, बस. मुलींना नेमबाजी शिकवायची ठरली. कुसुमने आपणहून नाव दिलं. हेडमास्तरांना आम्ही बडे सर म्हणायचो. ते अडखळत म्हणाले, "बहनजी, मुलांच्या शाळेचे पी.टी. सर येऊन देतील की हप्त्यातून एकदा. तुमची नजर जरा..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. कुसुमने ते पूर्ण केलं. "चकनी हाय. हो ना सर? मले आठ दिवस द्या. नाही जमलं तर बोलवा त्यायले."

घरच्या अंगणात तिने सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की बडे सरांचं फारसं चुकलेलं नाही. बंदूक उजव्या खांद्यावर आणि दिसणारा डोळा डावा. मान वेळावून ती लाकडावर गाल टेकवायची, तरी डावा डोळा माशीच्या रेषेत येईना. डाव्या खांद्यावर घेतली, तर डावं बोट घोड्यावर जाताच नळी थरथरायची. तिसऱ्या दिवशी तिची मान आखडली. मी म्हटलं, "सोड ना आता. शिवण आहे, खो-खो आहे. कशाला हट्ट?" तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच त्या मामाकडे पाहिलं असणार. मग म्हणाली, "एक खांदा उतरता असला त मी त्या बाईचं पोलकं कसं शिवतो? अंगाच्या मापानं कापड कापतो. कापडासाठी अंग नाही दाबत." आणि दुसऱ्या दिवशी सुटी टाकून, बंदूक चादरीत गुंडाळून ती माझ्यासोबत पांढुर्ण्याला आली.

पांढुर्ण्यात नामदेवभाऊंचं लेथचं दुकान होतं. मोटारपंपांची कामं करायचे. तिने त्यांना समजावलं, की मधली माशी आहे तिथेच राहू द्या, मुलींना ती लागेल. माझ्यासाठी वेगळी बसवा, डाव्या हाताला, माझ्या डोळ्यासमोर येईल अशी. नामदेवभाऊंनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बहनजी, माशी मधातच असते."

"ज्याचा डोळा मधात हाय, त्याची मधात असते. माया डोळा कुठं हाय ते पाहा."

ते हसले आणि कामाला लागले. पितळेच्या पट्टीचे दोन कोन केले, पाइपाला आवळतात तशा क्लिपांनी एक नळीवर आणि एक मागे बसवला. पुढच्या कोनावर कुसुमच्याच डबीतली टाचणी डोकं वर करून डाख देऊन जोडली, मागच्यावर बारीक भोकाची चकती, म्हणजे वायसर. दुकानामागे मातीचं पोतं ठेवून तिने नेम धरला. छर्रा उजवीकडे गेला. दुसरा पहिल्याच्या शेजारी, तिसराही तिथेच. नामदेवभाऊ हिरमुसले, कुसुम मात्र खूश झाली. तिन्ही एकाच जागी पडले म्हणजे हात आणि डोळा पक्का, फक्त वाट जुळायची आहे. पितळी रेषा नळीला अगदी समांतर बसली होती, म्हणून छर्रा तेवढाच उजवीकडे पडत होता. मग वायसर केसाकेसाने डावीकडे सरकवत, पुन्हा झाडत, दहा मीटरवर नजर आणि छर्रा एका ठिपक्यावर आणायला दुपार गेली. नामदेवभाऊंनी बजावलं, "हे दहाच मीटरवर चालंल, बहनजी. जवळ-दूर झालं का चुकंल." ती म्हणाली, "मले कुठं वाघ मारायचा हाय?"

आठव्या दिवशी मैदानात सगळी शाळा जमली. बडे सर खुर्चीवर, शेजारी मुलांच्या शाळेचे पी.टी. सर. ती पितळेची बाहेर आलेली शिंगं पाहून पी.टी. सर म्हणाले, "ये क्या जुगाड है?" पोरी खुदकल्या. आज चुकली तर या गावात तिच्या डोळ्यावर कायमचा शिक्का बसणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने नेम धरला, घोडा ओढला, आणि छर्रा काळ्या वर्तुळाच्या बाहेर, बोटभर उजवीकडे लागला. बडे सर समजूतदारपणे हसले. "राहू द्या बहनजी. तुमच्यासाठी सरांनी नेमाचा पाट जवळही घेतला होता."

कुसुमने बंदूक खाली केली. "कोनं घेतला जवळ?"

पी.टी. सर म्हणाले, "थोडी सवलत दिली, बहनजी. आपल्या सोयीसाठी..."

ती पाटाकडे वळली. गळ्यातली टेप काढली, गुडघ्यांवर बसली आणि दीड-दीड मीटर मोजत त्या मैदानात सरकत गेली. सगळी शाळा पाहत होती. पाटापाशी पोहोचून तिने तो स्वतः उचलला आणि चार मीटर मागे नेला. परत येताना साडीला धूळ लागलेली, चेहरा लाल. "सर, मले दूरचंच दिसते," एवढं म्हणाली आणि एकामागून एक चार छर्रे झाडले. चारही काळ्यात. पी.टी. सरांनी जवळ जाऊन कागदावरची भोकं बोटाने मोजली. नेमबाजीचा तास त्या दिवसापासून तिचा झाला आणि शेवटपर्यंत तिचाच राहिला.

मुलींनी बंदुकीचं नाव 'चकनी' ठेवलं. मी रागावले, तर कुसुमच म्हणाली, "ठेवू दे. माया नावाची हाय." पुढे माझी बदली पांढुर्ण्याला झाली. शाळेत नवी बंदूक आल्यावर जुनी तिने सरांना विचारून घरी नेली.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. शिवणाच्या खोलीत मशीन झाकलेलं, वरच्या खुंटीला टेप, आणि भिंतीवर ती बंदूक, पितळ काळं पडलेलं. समोरच्या भिंतीवर तो सरळ डोळ्यांचा फोटो. प्रकाश म्हणाला, "मावशी, ही आत्याची आठवण हाय, भिंतीवरच ठेवतो. पन हे पितळ वाकडं झालं हाय. नामदेवभाऊकडून सरळ करून आनतो." पोरगा मायेनेच बोलत होता. मी बंदूक उतरवली, नळी खिडकीबाहेर रिकाम्या अंगणाकडे केली आणि उजवा डोळा मिटून डावा त्या वायसरला लावला. भोकाच्या बरोबर मधोमध टाचणीचं डोकं उभं होतं, एक केस इकडे नाही की तिकडे नाही.

बंदूक मी परत भिंतीवर लावली आणि प्रकाशला म्हटलं, "ही सरळच आहे. फोटो तेवढा बदलून आण."