अकराव्या दिवसाचा ताप

माता माझ्यावर कोपली आहे, अशी तेव्हा माझी खात्रीच झाली होती. लेक होऊन अकरा दिवस झाले होते आणि तिसऱ्यांदा हिव भरून आलं होतं. अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजत होते. दिवस राहिले तेव्हा आमच्या कुलदेवतेच्या, याहामोगी मातेच्या दर्शनाला देवमोगऱ्याला येईन असा नवस बोलले होते. पुढे पोट वाढलं, जाणं राहिलं. सासूबाई म्हणायच्या, "दूध दाटलंय. बाळंतिणीला येतोच ताप." मोलगीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, तिथं फोन लागत नाही. नवरा ऊसतोडीला गुजरातेत. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. प्रार्थनासुद्धा सुचेना. चुकलेल्या लेकराने आईला कोणत्या तोंडाने हाक मारावी?

उन्हं वर आली तेव्हा एक म्हातारी दारात पाणी मागायला आली. डोक्यावर बांबूची टोपली, तीत मातेला वाहायचं नवं धान्य. देवमोगऱ्याला पायी निघाली होती. पाणी पिऊन तिने मला निरखलं.

"एक दिवस सोडून येतो का गं ताप?"

मी मान डोलावली.

"हा दुधाचा नाही, हिवताप आहे. माझ्या सुनेच्या वेळी आम्हीही दुधाचाच म्हणत बसलो, आणि ती हातची गेली." सासूबाईंनी पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला.

मला रडू फुटलं. "आजी, नवस राहिला माझा. माता रागावलीय."

"याहा म्हणजे आईच ना? बाळंतिणीवर कोणती आई रागावते? ऊठ, रक्त तपासायला चल."

तिने टोपली आमच्या घरात ठेवली आणि बाळाला लुगड्याच्या झोळीत घेतलं. एरवी अकरा दिवसांची लेक मी परक्या बाईकडे दिली नसती; त्या दिवशी माझ्या हातांत बळच नव्हतं. सासूबाईंच्या खांद्यावर भार टाकत मी उतार उतरले. खाली जीप मिळाली. दवाखान्यात बोटाला सुई टोचली आणि मलेरिया निघाला. अंगातलं रक्तही फार कमी झालं होतं. "आणखी दोन दिवस घरी राहिली असतीस तर अवघड होतं," नर्सताई म्हणाल्या. बाळाला पाजत राहा, असंही त्यांनी सांगितलं. लेकीच्या रक्तात काही निघालं नाही, तेव्हा सासूबाई पायरीवर बसून मोकळं रडल्या.

औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ताप गेला. घामाने चिंब होऊन जागी झाले तर लेक कुशीत चुळबुळत होती, आणि मला सपाटून भूक लागली होती. आजी पहिल्याच दिवशी दुपारी आमच्या घरून टोपली उचलून पुढे निघून गेली होती. तिचं नाव, गाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तिला मातेनेच धाडलं का, हे मी कुणाला पटवत बसत नाही. शरण जाणं म्हणजे खूप काहीतरी करून दाखवणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपलं बळ संपलं की पुढे आलेला हात धरायचा, एवढंच ते असतं. त्या माउलीची उरलेली वाट सुखाची झाली असो.